‘हार्लेम नाइट्स’ पुन्हा पाहताना: नागपुरातल्या घरच्या खेळाची तयारी

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या एका जुगारी क्लबची गोष्ट सांगणारा ‘हार्लेम नाइट्स’ अमेरिकेत लागला १७ नोव्हेंबर १९८९ रोजी. लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, तिन्ही एडी मर्फीचं. कथापटाचं दिग्दर्शन त्याने त्याआधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही केलेलं नाही. समीक्षकांनी चित्रपट झोडपला. सर्वांत वाईट पटकथेचा रॅझी, म्हणजे वाईट चित्रपटांना चेष्टेने दिला जाणारा पुरस्कार, त्याला मिळाला आणि त्याच चित्रपटासाठी जो टॉम्पकिन्सला वेशभूषेचं ऑस्कर नामांकनही मिळालं. पुढची अनेक वर्षं कृष्णवर्णीय अमेरिकन घरांमधून तो व्हीएचएसवर, मग डीव्हीडीवर इतक्यांदा पाहिला गेला की त्यातले संवाद लोकांना पाठ झाले.

आपल्याकडे ज्यांनी तो पाहिला त्यांतले बरेच जण “ठीक आहे, टाइमपास” म्हणून थांबतात. त्याचं कारण साधं आहे. पोस्टरवर मर्फी आहे, म्हणून सगळे मर्फीकडे बघत बसतात. हा चित्रपट एका टेबलाभोवती जमलेल्या माणसांचा आहे, आणि त्याची खरी मजा बोलणाऱ्याच्या शेजारी बसून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. ती दिसायची तर प्रत नीट हवी, खोली नीट हवी, आवाज नीट हवा आणि मराठी सबटायटल नीट हवेत. नागपुरात आठ-दहा जणांना घरी बोलावून हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहायचा असेल, तर पुढची तयारी आठवडाभर आधी सुरू करा.

कोणती प्रत घ्यायची

पूर्ण चित्रपट सुमारे १ तास ५६ मिनिटांचा आहे. हातात आलेल्या प्रतीची लांबी सगळ्यात आधी तपासा. सुमारे १११ मिनिटं दिसत असतील तर ती युरोपीय पॅल पद्धतीची डिस्क आहे. काहीही कापलेलं नसतं, पण सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात, म्हणून सगळं चार टक्के लवकर संपतं आणि आवाजाची पट्टीही वर सरकते. व्हेरा झालेल्या डेला रीसचा तो भरदार, खर्जातला आवाज अशा प्रतीत बारीक होतो. पर्याय असेल तर ती टाळा. लांबी याहूनही कमी असेल तर बहुधा टीव्हीसाठी कापलेली आवृत्ती आहे. ती तर घेऊच नका. या चित्रपटात शिव्या ताल धरून येतात. मधली शिवी पुसली की पुढचं उत्तर अधांतरी लटकतं आणि विनोद का झाला नाही तेच कळत नाही.

स्ट्रीमिंगवर जुने चित्रपट येतात आणि जातात. आज दिसला म्हणून शनिवारी असेलच असं नाही. भाड्याने किंवा विकत मिळणारी डिजिटल प्रत किंवा ब्लू-रे जास्त भरवशाची.

हे सगळं घरातल्या, ओळखीच्या माणसांसाठी, तिकीट न लावता करायच्या खेळाबद्दल आहे. सभागृह घेऊन, पोस्टर लावून दाखवायचा असेल तर हक्कधारकाकडून परवाना आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र या दोन्ही गोष्टी लागतात. घरासाठी घेतलेली डिस्क तिथे चालत नाही. आणि घरातही प्रेक्षक अठरा वर्षांवरचेच हवेत. अमेरिकेत याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसासोबतच प्रवेश), आणि भाषा, हिंसा, वेश्यागृहातले प्रसंग पाहता ते बरोबरच आहे.

पडदा आणि अंधार

शंभर इंची पडदा म्हणजे २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच. आठ-दहा माणसांना तो पुरतो. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल तर तो पडद्यापासून साधारण ३.३ मीटरवर ठेवावा लागतो. धरमपेठ-गोकुळपेठेतल्या जुन्या घरांच्या हॉलमध्ये एवढी जागा निघते, फ्लॅटमध्ये मात्र आधी टेप लावून मोजा. पुढची रांग पडद्यापासून पावणेतीन मीटरच्या आत नको. पुढच्यांना खाली गादीवर बसवा, मागच्यांना खुर्च्या द्या, आणि पडद्याची खालची कड जमिनीपासून ९० सेंटिमीटर तरी वर ठेवा. एवढं केलं नाही तर पुढच्या डोक्यांआड सबटायटल लपतात आणि मागचे सगळे मान वाकडी करून बसतात.

पडदा विकत घ्यायचा नसेल तर गांधीबागेतून पांढरं ब्लॅकआउट कापड आणा. मांजरपाट स्वस्त पडतो, पण त्यातून प्रकाश आरपार जातो आणि चित्र फिकं होतं. मांजरपाटच वापरायचा असेल तर मागे काळं कापड शिवून घ्या. खालच्या शिवणीत पडद्याचा रॉड किंवा पीव्हीसी पाइप घातला की कापड ताणलेलं राहतं. सुरकुतीवर चेहरा आला की तो हसतोय की रडतोय तेही कळत नाही.

प्रोजेक्टर भाड्याने घेताना ‘एएनएसआय ल्युमेन’, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर छापलेले नुसते ‘ल्युमेन’ फसवे असतात. पूर्ण अंधार असेल तर या आकाराच्या पडद्याला २००० ते ३००० एएनएसआय भरपूर झाले.

आता सगळ्यात महत्त्वाची जुळवणी. वुडी ओमेन्सचं छायाचित्रण बहुतेक वेळ पिवळसर दिव्यांच्या, तपकिरी लाकडाच्या, धुरकट खोल्यांमध्ये आहे. त्या खोल्यांत गडद सूट घातलेली सावळी-काळी माणसं बसली आहेत. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर यंत्र काळ्या भागाचा सरसकट डांबरी गोळा करतं. मग चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात जातो आणि जो दिसतो तो नारिंगी दिसतो. नेमके जे चेहरे वाचायला बसलोत तेच हरवतात. म्हणून मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’, रंगाचं तापमान ‘वॉर्म’, आणि हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय पूर्ण बंद. मग क्लबमधला एक अंधारा प्रसंग थांबवा आणि ब्राइटनेस हळूहळू वाढवा. काळ्या कोटाची कॉलर मागच्या भिंतीपासून वेगळी दिसू लागली की थांबा. त्यापुढे गेलात तर काळं राखाडी होईल. ही जुळवणी दिवसा करू नका. रात्री, ज्या अंधारात खेळ होणार त्याच अंधारात करा.

चित्राची चौकट १.८५ : १ आहे, त्यामुळे आजच्या पडद्यावर वर-खाली अगदी बारीक काळी पट्टी दिसेल. ती घालवायला झूम करू नका. कडेला उभा असलेला माणूस कापला जातो, आणि या चित्रपटात कडेचा माणूस फार मोलाचा आहे.

आवाज, कूलर आणि लाइन

नागपुरात हा खेळ एप्रिल-मेमध्ये ठेवू नका. उष्णतेचा प्रश्न आहेच, पण खरी अडचण कूलरची. गवताचा मोठा कूलर फुल स्पीडवर चालू असेल तर शुगर रे झालेल्या रिचर्ड प्रायरचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही, कारण तो या चित्रपटात जवळजवळ पुटपुटतो. नवतपा संपून पाऊस पडू द्या. सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. खिडक्या बंद ठेवता येतात, पंखा लागत नाही, आणि सातला पुरेसा अंधार पडलेला असतो. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पाहुणे यायच्या तासभर आधी कूलर चालवून खोली थंड करून घ्या आणि चित्रपट सुरू होताना तो ‘लो’वर आणा.

संवाद बारीक आणि गोळीबार कानठळ्या बसवणारा, ही तक्रार बहुतेक वेळा एकाच कारणाने येते. पाच-एकच्या, म्हणजे सहा चॅनलच्या, ध्वनिपट्टीत बोलणं मधल्या चॅनलवर असतं, आणि दोन स्पीकरच्या घरात ते दबून जातं. प्लेअरमध्ये स्टीरिओ ध्वनिपट्टी निवडता येत असेल तर ती निवडा. नसेल तर साउंडबारवर ‘डायलॉग’ किंवा ‘व्हॉइस’चं बटण असतं, ते लावा. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावेत. प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर अजिबात वापरू नका. माणसं पुढे बोलतात आणि आवाज पाठीमागून येतो, अशा वेळी टेबलावरची झटापट कुणाकुणात चाललीय तेच उमगत नाही.

लाइन गेली तर काय, हे आधी ठरवा. प्रोजेक्टर २५० ते ३०० वॉट, लॅपटॉप ६५, स्पीकर ४०-५०. म्हणजे सगळं मिळून सुमारे ४०० वॉट. घरच्या ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर १५० अँपिअर-अवरची बॅटरी चांगल्या अवस्थेत असेल तर हा भार अडीच-तीन तास निघतो. त्यावर कूलर लावला की हिशेब मोडतो. दिव्याच्या प्रोजेक्टरला मधेच वीज तुटली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो, त्याने दिव्याचं आयुष्य कमी होतं. म्हणून तो इन्व्हर्टरच्या पॉइंटवरच जोडा, आणि इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, म्हणजे अदलाबदलीच्या झटक्याने प्रोजेक्टर बंद पडणार नाही.

मराठी सबटायटल कसे करायचे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंग्रजी येणाऱ्यांनाही सबटायटल लागतात, कारण बोली जुनी, वेग जास्त, आणि एकावर एक बोलणं चालू. इंग्रजी सबटायटलची एसआरटी फाइल समोर ठेवून ‘सबटायटल एडिट’ या मोफत प्रोग्रॅममध्ये मराठी लिहीत जा. दोघांनी मिळून केलं तर रोज दोन तास धरून आठवडा लागतो.

एका वेळी पडद्यावर दोनच ओळी, आणि ओळीत सहा-सात शब्द. एक सेकंदापेक्षा कमी वेळ कुठलाही मजकूर दाखवू नका. विनोदाच्या आधीची ओळ आणि विनोदाची ओळ कधीही एकत्र टाकू नका. वाचणारा ऐकणाऱ्याच्या पुढे पळतो, आधीच हसून मोकळा होतो आणि नट बोलेपर्यंत खोली थंड झालेली असते. उत्तर ज्या क्षणी तोंडातून बाहेर पडतं त्याच क्षणी ते पडद्यावर आलं पाहिजे.

शिव्या सगळ्या लिहायच्या नाहीत. कानाला सूर कळतच असतो. तीनांतली एक लिहिली तरी पुरते, आणि जी लिहाल ती खरी बोलण्यातली हवी. “तुझं वाटोळं होवो” असं जुन्या नाटकातलं मराठी बेनी झालेल्या रेड फॉक्सच्या तोंडी घातलं की माणूस मरतो. नागपूरकरांसाठी इथे सोय आहे. बेनी हे म्हातारं, चिडकं, मायाळू पात्र वऱ्हाडीत फार छान बसतं: “काऊन बे, मले शिकवून राहिला का?” किंवा “अबे भैताडा, दिसते मले सगळं.” पण सगळ्यांनाच वऱ्हाडी देऊ नका. क्लबचा मालक शुगर रे प्रमाण मराठीत, थोडक्या शब्दांत बोलू द्या. तो शब्द मोजून वापरणारा माणूस आहे. मर्फीच्या क्विकला शहरी, तरणी, भरभर बोलणारी भाषा. वेश्यागृह चालवणाऱ्या व्हेराला वऱ्हाडी चालते, पण तिचा दरारा जायला नको. बोलीमुळे पात्र अडाणी वाटायला लागलं तर बोली चुकली असं समजा आणि ती ओळ पुन्हा लिहा.

इंग्रजीतला तो कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानाचा शब्द या चित्रपटात सतत येतो. मित्र मित्राला म्हणतो, शत्रू शत्रूला म्हणतो. त्याच्या जागी मराठीत कुठलंही जातिवाचक नाव टाकू नका. चित्रपट ज्या वर्षी आला त्याच १९८९ साली आपल्याकडे अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला, तो याच तोंडच्या अपमानाची किंमत ओळखून. मित्रांच्या बोलण्यात “गड्या”, “बे”, “बाप्पा” यांतलं जे जुळेल ते वापरा. गोरा गुंड कॅल्हून आणि भ्रष्ट पोलीस कँटोन यांच्या तोंडी तो तिरस्काराने येतो, तिथे “तुम्ही लोक” असा तुच्छ सूर ठेवा. मराठी माणसाला तो सूर बरोबर ऐकू येतो. दोन ठिकाणी एकच शब्द वापरलात तर चित्रपटातला एक मोठा फरक पुसून जाईल.

जॅक जेंकिन्स हा हेवीवेट चॅम्पियन अडखळत बोलतो. प्रत्येक वाक्यात “मी-मी-मी” लिहीत बसू नका. पहिल्या प्रसंगात एकदा लिहा, पुढे सरळ वाक्य द्या. अडखळणं कानाला कळतंच. पडद्यावर ते पुन्हा पुन्हा छापलं की वाचायचा वेळ जातो आणि चेष्टा दुप्पट होते.

फाइल जपून ठेवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असू द्या, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. टीव्हीच्या यूएसबीवर देवनागरीचं फार नुकसान होतं. जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला लागते. त्यापेक्षा लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरची तिसरी आवृत्ती वापरा, फॉन्ट नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त. टीव्हीवरच लावायचं असेल तर ‘हँडब्रेक’ या प्रोग्रॅममध्ये सबटायटल चित्रातच कोरून घ्या.

सबटायटल सुरुवातीपासून सारखेच पुढे-मागे असतील तर व्हीएलसीत ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी सरकवता येतात. पण सुरुवातीला बरोबर आणि शेवटाकडे मागे मागे पडत गेले, तर ते कळांनी सुटत नाही. तुमची प्रत २५ फ्रेमची आहे आणि फाइल २४च्या प्रतीसाठी बनलेली आहे. शेवटी हा फरक जवळजवळ पावणेपाच मिनिटांचा होतो. सबटायटल एडिटमध्ये ‘फ्रेम रेट बदला’ असा पर्याय आहे, तिथे २३.९७६ वरून २५ करा. मग पहिला संवाद, मधला एक आणि शेवटचा, असे तीन ठिकाणी ताडून बघा.

सुरू करण्याआधी सात-आठ मिनिटं

थोडी माहिती आधी सांगितली तर पहिल्या प्रसंगापासून पकड बसते. पहिला प्रसंग १९१८चा आहे, फाशांच्या अड्ड्यावरचा. तिथे एक लहान मुलगा गोळी झाडतो आणि शुगर रे त्याला आपल्याकडे ठेवून घेतो. तोच क्विक. हा खेळ क्रॅप्स. दोन फासे टाकायचे. पहिल्याच फेकीत ७ किंवा ११ पडले तर जिंकला, २, ३ किंवा १२ पडले तर हरला. दुसरा कोणताही आकडा पडला तर तो ‘पॉइंट’, आणि ७ यायच्या आत तोच आकडा पुन्हा पाडायचा. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ सातच्या आहेत, म्हणून सात सगळ्यात जास्त येतो. फेकणाऱ्याच्या डोक्यात अंधश्रद्धा का भरते ते एवढ्यावरून समजतं.

पुढचा सगळा चित्रपट १९३८मध्ये घडतो. त्याआधीच्या काही वर्षांत हार्लेममधल्या ‘नंबर्स’च्या धंद्यावर खरीखुरी लढाई झाली होती. नंबर्स म्हणजे आपल्या मटक्याचा चुलतभाऊ: बँकांच्या क्लिअरिंग हाउसच्या छापून येणाऱ्या आकड्यांवरून तीन अंकी नंबर काढायचा. आपला मटकाही सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावांवरच चालायचा, हे कापसाच्या मुलखातल्या माणसाला सांगायला हरकत नाही. हार्लेमचा हा धंदा स्टेफनी सेंट क्लेअरसारख्या कृष्णवर्णीय चालकांच्या हातात होता, आणि गोरा गुंड डच शुल्ट्झ तो बळकवायला उतरला. शुल्ट्झ ऑक्टोबर १९३५मध्ये मारला गेला. चित्रपटातला बग्सी कॅल्हून काल्पनिक आहे, पण त्याची मागणी तीच आहे: तुमच्या वस्तीतला, तुम्ही उभा केलेला धंदा, आणि वाटा आमचा.

हार्लेममधल्या खऱ्या कॉटन क्लबचंही सांगा. तिथे रंगमंचावर कृष्णवर्णीय कलाकार आणि प्रेक्षकांत फक्त गोरे, असा नियम होता. १९३६मध्ये तो क्लब हार्लेम सोडून ब्रॉडवेच्या बाजूला गेला. चित्रपटातला ‘क्लब शुगर रे’ कृष्णवर्णीय माणसाच्या मालकीचा आहे, आणि तिथे ग्राहक म्हणून त्याच्याच वस्तीतले लोक बसतात. तो जाळला जातो तेव्हा काय जळतं ते कळायला ही एवढी पार्श्वभूमी लागते. आणि २२ जून १९३८ रोजी कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जो लुईने जर्मन मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत लोळवलं होतं. तो सामना न्यूयॉर्कमधलाच. चॅम्पियन जेंकिन्सवर सगळं हार्लेम का जीव टाकतं, ते यावरून लक्षात येतं.

नागपुरात एक धागा आपोआप जुळतो. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, आणि ते विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे. चित्रपट सुरू होतो त्याच्या दोन वर्षं आधी ते तिथून निघाले. १९४६मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो प्रश्नाचा आपण अभ्यास करत आलो आहोत असं कळवलं. हे व्याख्यानासारखं सांगू नका, दोन वाक्यांत सांगून दिवे मालवा.

कुणाकडे बघायचं

हीच दुसऱ्यांदा पाहण्याची युक्ती. पडद्यावर कृष्णवर्णीय अमेरिकन विनोदाच्या तीन पिढ्या एकत्र आहेत. रेड फॉक्स १९२२चा, रिचर्ड प्रायर १९४०चा, एडी मर्फी १९६१चा. फॉक्सच्या चावट ध्वनिमुद्रिका १९५६पासून काउंटरखालून विकल्या जायच्या. प्रायरने स्वतःचं आयुष्य उघडं करून विनोद केला. मर्फी या दोघांना ऐकत मोठा झाला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने दोघांना आपल्या चित्रपटात आणलं. हे तिघं एकाच चौकटीत असतात तेव्हा मर्फीवरून नजर काढा. प्रायर काय करतो ते बघा. एवढा मोठा विनोदवीर इथे विनोद करतच नाही. तो ऐकतो, पापणी हलवतो, एक शब्द टाकतो आणि बाकीच्यांना जागा करून देतो. त्याला १९८६मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचं निदान झालं होतं. पहिल्यांदा पाहताना हा शांतपणा अनेकांना ‘प्रायर वाया गेला’ असा वाटतो. दुसऱ्यांदा पाहिलं की सगळ्या खोलीचा तोल त्याच्यामुळे राहतो हे दिसतं.

बेनी फासे हाताळतो आणि त्याला नीट दिसत नाही. विनोद एवढाच, पण फॉक्सची वेळ साधण्याची रीत बघा. उत्तर द्यायच्या आधी तो क्षणभर थांबतो, समोरचा जिंकला असं सगळ्यांना वाटू देतो, मग बोलतो. सबटायटलची वेळ जुळवण्यावर वर एवढा भर दिला तो याच थांब्यासाठी.

डेला रीस मूळची गायिका, महेलिया जॅक्सनबरोबर गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गायलेली. व्हेरा आणि क्विकची मागच्या गल्लीतली मारामारी या चित्रपटातला सगळ्यात गाजलेला प्रसंग आहे. तो पाहताना रीस कशी उभी राहते, खांदे कसे टाकते, ते बघा. ती बाई खरीच मारेल यावर विश्वास बसतो, म्हणून प्रसंग चालतो. जेरोम झालेला रॉबिन हॅरिस थोडा वेळच दिसतो. चित्रपट लागला त्याच्या चार महिन्यांनी, मार्च १९९०मध्ये, तो छत्तिसाव्या वर्षी गेला. भावाच्या मरणावर धाय मोकलून रडत क्विकचा पाठलाग करणारा अर्सेनियो हॉलही नुसता येऊन जातो. डॅनी आयेलोचा भ्रष्ट पोलीस कँटोन आणि मायकल लर्नरचा कॅल्हून हे दोघे कधीही घाईने बोलत नाहीत. धमकी गोड आवाजात येते आणि समोरचे सगळे तिचा अर्थ ओळखून गप्प होतात. त्या गप्प चेहऱ्यांवर नजर ठेवा.

दुसऱ्या अर्ध्या भागातला बेत पहिल्यांदा गोंधळात टाकतो. त्यात तीन धागे एका वेळी चालतात. मुष्टियुद्धावर रे भलत्याच बाजूने पैसे लावतो, म्हणजे कॅल्हूनला वाटावं की जेंकिन्स मुद्दाम हरणार आहे. सनशाइन ही व्हेराकडची मुलगी कॅल्हूनच्या पैसे उचलणाऱ्या माणसाला, व्हेंटोला, नादी लावते. आणि तिसरीकडे बॅगांची अदलाबदल होते. मध्यंतर क्लब जळाल्यानंतर, बेत सुरू व्हायच्या आधी घ्या आणि हे तीन धागे कागदावर लिहून भिंतीवर लावा. अदलाबदलीच्या बॅगेत शेवटी काय निघतं ते मात्र लिहू नका. नवा प्रेक्षक असेल तर त्याला ते स्वतःच कळू द्या, आणि नायकाच्या नावाशी त्याचा संबंध त्यालाच लागू द्या.

मध्यंतर वीस मिनिटांचं. तर्री-पोहे द्यायचे तर तेव्हाच, दिवे लावून. अंधारात तर्री गादीवर सांडते. चित्रपट चालू असताना चिवडा नको, त्याच्या कुरकुरीत प्रायर पुन्हा हरवतो. संत्रा बर्फी चालते.

टोचणाऱ्या जागा

या चित्रपटावर प्रेम करणाऱ्यांनीही काही गोष्टी झाकू नयेत. बायकांशी होणारी वागणूक कठोर आहे. क्विक आणि व्हेराची मारामारी ज्या गोळीने संपते ती हसण्यावारी नेलेली आहे, आणि कॅल्हूनची साथीदार डॉमिनिक (नटी जॅस्मिन गाय) हिचा शेवट ज्या थंडपणे येतो तो आज अंगावर येतो. जेंकिन्सच्या अडखळण्यावर विनोद लांबवले आहेत. मधल्या काही प्रसंगांना कात्री लागायला हवी होती, हेही खरं. पाहुण्यांना आधीच दोन वाक्यांत कल्पना द्या, म्हणजे कुणी दुखावून मधेच उठणार नाही. चर्चा नंतर करा. प्रसंग चालू असताना “हे आता चालणार नाही” असं कुणी बोलू लागलं की बाकीच्यांचं बघणं थांबतं.

चर्चेला विषय हवाच असेल तर हा घ्या: शेवटी सगळे जिंकतात, तरी त्यांना हार्लेम सोडावं लागतं. निघताना ते मागे वळून शहराकडे बघतात तेव्हा कुणाच्या चेहऱ्यावर काय आहे? हा प्रसंग पुन्हा लावून, आवाज बंद करून पाहा. मग आवाज चालू करून परत पाहा. हर्बी हॅनकॉकचं संगीत तिथे काय भर घालतं ते वेगळं ऐकू येईल. श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लावू नका. संपल्यावर प्रोजेक्टर रिमोटने बंद करा, आणि त्याचा पंखा पूर्ण थांबेपर्यंत प्लग काढू नका.